मानवी पेशींतलं नॉकडाऊन सुधारायचं कसं: सोलापुरातल्या नव्या संशोधकांसाठी पायरी-पायरीने

मानवी पेशींवर आरएनएआयचा, म्हणजे आरएनए वापरून जनुक दाबण्याचा (नॉकडाऊनचा), प्रयोग पहिल्यांदा करणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एकाच जागी अडकतात. जनुक तीस-चाळीस टक्के दबतं आणि काटा तिथून पुढे सरकत नाही. मग गाईडसरांकडे जाऊन नवीन एसआयआरएनए (जनुक दाबणारा छोटा दुपदरी आरएनए) मागवायची परवानगी मागितली जाते. नवीन नळी येते, पुन्हा तेच आकडे येतात आणि प्रकल्पाचं अर्धं वर्ष तेवढ्यात निघून जातं.

दोष बहुतेक वेळा अनुक्रमात, म्हणजे एसआयआरएनएच्या अक्षरांच्या क्रमात, नसतो. पेशी थकलेल्या असतात, एसआयआरएनए पेशीच्या आत नीट पोचलेला नसतो किंवा मोजणीच चुकीच्या वेळी झालेली असते. म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी साखळीतली कमजोर कडी कोणती ते मोजून शोधा आणि मगच काही बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पेशीत नेमकं काय घडतं

अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये सूत्रकृमीत दाखवलं की दुपदरी आरएनए आत सोडला की त्याच अनुक्रमाचं जनुक गप्प होतं. २००६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. मानवी पेशीत मात्र हाच लांब दुपदरी आरएनए चालत नाही. तीसपेक्षा जास्त जोड्यांचा तुकडा दिसला की पेशी त्याला विषाणू समजते आणि इंटरफेरॉनची फौज उभी करते. २००१ मध्ये टॉमस टुश्ल यांच्या गटाने २१ अक्षरांचे छोटे तुकडे वापरून ही अडचण टाळली. आपण आज मागवतो तो एसआयआरएनए म्हणजे हाच छोटा तुकडा.

आत गेल्यावर आर्गोनॉट-२ हे प्रथिन त्याचा एक पदर ठेवून घेतं आणि दुसरा टाकून देतं. ठेवलेला पदर, म्हणजे मार्गदर्शक पदर, जुळणारा एमआरएनए (जनुकाचा प्रथिन बनवायचा निरोप) शोधतो आणि आर्गोनॉट तो कापतं. मार्गदर्शक पदराच्या ५-प्राइम (सुरुवातीच्या) टोकाकडून मोजलं तर हा काप दहाव्या आणि अकराव्या अक्षरांच्या समोर बसतो. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, तिचा पुढे पुन्हा उपयोग होईल. कापला जातो तो एमआरएनए. आधीच तयार झालेल्या प्रथिनाला एसआयआरएनए हातही लावत नाही. ते आपल्या गतीने झिजेपर्यंत पेशीतच राहतं.

पायरी १: जनुक त्या पेशीत चालू आहे का

हे तपासायला पैसे लागत नाहीत. ह्यूमन प्रोटीन ॲटलासच्या संकेतस्थळावर आपली पेशीरेषा (प्रयोगशाळेत वाढवत राहता येणारा पेशींचा प्रकार) आणि आपलं जनुक टाकून बघा. मग काहीही न दिलेल्या पेशींचा आरएनए काढून क्यूपीसीआर (एमआरएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) करा. सीटी (संकेत दिसायला लागलेली चक्रं, जितकी जास्त तितका एमआरएनए कमी) बत्तीस-तेहतीसच्या पुढे गेला तर दाबायला मुळात फारसं काही नाही आणि तिथले टक्के विश्वासाचे नसतात. पेशीरेषा बदला किंवा जनुक बदला.

लक्ष्य प्रथिन बनवणारं जनुक नसून केंद्रकात राहणारा लांब नॉन-कोडिंग आरएनए असेल, तर एसआयआरएनए तिथे बऱ्याचदा कमी पडतो, कारण त्याचं मुख्य काम पेशीद्रवात चालतं. अशा वेळी आरनेझ-एच या विकराकडून लक्ष्य आरएनए कापून घेणारे अँटिसेन्स ऑलिगो (छोटे एकपदरी तुकडे) जास्त उपयोगी पडतात.

पायरी २: पेशी निरोगी ठेवा

पेशीरेषा मिळवायची तर आपल्याला सर्वांत जवळ पुणं. तिथल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात देशाचा पेशीसाठा आहे. सोलापूर-पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. जिवंत पेशींचा फ्लास्क आणत असाल तर तो माध्यमाने काठोकाठ भरलेला आणि झाकणाला पॅराफिल्म लावलेला असावा. उन्हाळ्यात तो गाडीच्या डिकीत ठेवू नका. बंद डिकीतलं तापमान पेशी मारायला पुरेसं असतं.

पेशी आल्या की पहिल्याच आठवड्यात मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी करा. हा जीवाणू साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ करत नाही आणि पेनिसिलिनला दाद देत नाही, कारण त्याला पेशीभित्तिकाच नसते. पण पेशींच्या जनुकांची सगळी चाल तो बिघडवतो. अशा पेशींवरचं नॉकडाऊन कितीही सुंदर दिसलं तरी त्याला अर्थ नाही.

चाचणी स्वच्छ आली की सुरुवातीच्याच पॅसेजच्या (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेरीच्या) काही कुप्या गोठवून ठेवा. प्रयोग नेहमी ठरावीक पॅसेजच्या मर्यादेत करा. प्लेट लावायच्या आदल्या दिवशी पेशी ऐन वाढीत असाव्यात. फ्लास्क गच्च भरून दोन दिवस तसाच पडून राहिलेल्या पेशी ट्रान्सफेक्शन, म्हणजे बाहेरून घातलेला आरएनए, नीट घेत नाहीत.

आता थोडं आपल्या गावाबद्दल. सोलापूरचं पाणी जड आहे. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतलं की क्षार जमतात आणि मागोमाग बुरशी येते. तिथे निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला आणि ते आठवड्याला बदला. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की ट्रे जरा आटला तरी प्लेटच्या कडेच्या वेलमधलं (खळग्यातलं) माध्यम उडून घट्ट होतं. कडेच्या वेलचे आकडे नेहमी वेगळे येत असतील तर संशय आधी बाष्पीभवनावर घ्या. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून बघायचा मोह आवरा. बंद दाराआड ऊब बराच वेळ टिकते.

पायरी ३: पार्सल आणि नळी

कोरडा एसआयआरएनए तसा चिवट असतो. प्रवासात एक-दोन दिवस साध्या तापमानाला राहिला म्हणून लगेच बिघडत नाही. एसआयआरएनए पेशीत पोचवणाऱ्या लिपिड अभिकर्मकाची गोष्ट वेगळी. तो ४ अंशांवर ठेवायचा असतो आणि गोठला तर वाया जातो. नवीन मुलं हौसेने सगळंच उणे वीसमध्ये टाकतात. पार्सल उघडताच लिपिडची बाटली वेगळी काढून फ्रिजमध्ये ठेवा. ऑर्डर देताना माल सोमवारी किंवा मंगळवारी निघेल असं विक्रेत्याला स्पष्ट सांगा, म्हणजे मे महिन्यात तो शनिवार-रविवार कुठल्या गोदामात तापत पडणार नाही.

नळी उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एकदा फिरवून घ्या. पांढरी भुकटी कधी कधी झाकणालाच चिकटलेली असते. ५ नॅनोमोलच्या नळीत २५० मायक्रोलिटर न्यूक्लिएझमुक्त पाणी किंवा कंपनीचा बफर घातला की २० मायक्रोमोलरचा साठा तयार होतो. त्यातला थोडा वीसपट पातळ करून १ मायक्रोमोलरच्या छोट्या नळ्या भरून ठेवा, म्हणजे तोच साठा पुन्हा पुन्हा वितळवावा लागत नाही. हातमोजे, फिल्टर टिप आणि पुसलेला टेबल यांत तडजोड नको. दुपदरी आरएनए आरनेझपुढे (आरएनए तोडणाऱ्या विकरांपुढे) काही काळ तरी तग धरतो, पण नंतर मोजणीसाठी काढाल तो एकपदरी आरएनए धरत नाही.

पायरी ४: अनुक्रम निवडणं

कंपनीचे तयार आणि तपासलेले अनुक्रम मिळत असतील तर तेच घ्या. स्वतः निवडायचे असतील तर या गोष्टी पाहा. लक्ष्य त्या जनुकाच्या सगळ्या एमआरएनए प्रकारांत समान असावं. जी आणि सी अक्षरांचं प्रमाण साधारण ३० ते ५० टक्के असावं. एकच अक्षर सलग चार वेळा येऊ नये आणि त्या जागी लोकांमध्ये सर्रास आढळणारा फरक नसावा.

टोकांकडे विशेष लक्ष द्या. ज्या पदराचं ५-प्राइम टोक सैल बांधलेलं असतं तोच पदर आर्गोनॉट ठेवून घेतं. हे २००३ मध्ये सिद्ध झालं. म्हणून मार्गदर्शक पदराच्या ५-प्राइम टोकाला ए किंवा यू हवा आणि दुसऱ्या पदराच्या ५-प्राइम टोकाला जी किंवा सी. हे उलटं झालं तर चुकीचा पदर निवडला जातो, आपलं जनुक तसंच चालू राहतं आणि भलतीच जनुकं दबतात.

अनुक्रम बरोबर असला तरी भलती जनुकं थोडीफार दबतातच. त्याचं कारण मार्गदर्शक पदराचं दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचं बीज. पेशीतले मायक्रोआरएनए याच सात अक्षरांच्या जोरावर काम करतात, त्यामुळे एसआयआरएनएसुद्धा तसा वागू लागतो. गड्ड्याच्या जत्रेत नुसती ‘सिद्धेश्वर’ अशी हाक मारली तर किती माना वळतील, तसंच हे. पूर्ण पत्ता २१ अक्षरांचा असला तरी पहिल्या नावाला ओ देणारे एमआरएनए पेशीत पुष्कळ असतात.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, मार्गदर्शक पदराच्या दुसऱ्या अक्षरावर २-प्राइम-ओ-मिथाइल बदल केलेला एसआयआरएनए घेणं. त्याने बीजामुळे होणारा गोंधळ बराच कमी होतो. दुसरा, एकाच जनुकावरचे अनेक एसआयआरएनए मिसळून वापरणं, म्हणजे प्रत्येकाचं वेगळं बीज पातळ होऊन जातं. तिसरा उपाय फुकटचा आहे आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मात्रा कमी ठेवा. जुन्या शोधनिबंधांत १०० नॅनोमोलर लिहिलेलं दिसतं म्हणून तेवढं घालू नका. चांगला एसआयआरएनए १ ते १० नॅनोमोलरमध्ये काम करतो. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर अडचण पोचवण्यात आहे.

पायरी ५: पहिली प्लेट फक्त जुळवणीची

आपलं जनुक इतक्यात बाजूला ठेवा. पीएलके-१ या जनुकाविरुद्धचा एसआयआरएनए मागवा. पेशीला विभाजनासाठी हे जनुक लागतं, त्यामुळे ते दबलं की वेगाने वाढणाऱ्या पेशी गोल होऊन सुटतात आणि ४८ ते ७२ तासांत मरू लागतात. हे साध्या इन्व्हर्टेड सूक्ष्मदर्शकातून दिसतं. ज्या विभागात क्यूपीसीआर यंत्रासाठी नंबर लावावा लागतो, तिथे ही फार मोठी सोय आहे.

चमकणारा एसआयआरएनए घालून ‘आत गेला’ असं ठरवू नका. दिसणारे ठिपके बहुतेक एंडोसोममध्ये (पेशीने गिळलेल्या मालाच्या पिशव्यांत) अडकलेले असतात किंवा बाहेरून चिकटलेले असतात. पेशीद्रवात सुटतो तो वाटा फार छोटा असतो आणि काम तेवढाच करतो.

२४ वेलच्या प्लेटचा हिशोब असा मांडा. एसआयआरएनएच्या तीन मात्रा घ्या: १, ५ आणि १० नॅनोमोलर. आरएनएआयमॅक्ससारख्या लिपिडच्याही तीन घ्या: वेलमागे ०.५, १ आणि १.५ मायक्रोलिटर. ही नऊ जोडणी झाली. प्रत्येक जोडणी एकदा पीएलके-१ सोबत आणि एकदा कुठल्याच जनुकाला न जुळणाऱ्या नॉन-टार्गेटिंग एसआयआरएनएसोबत, म्हणजे अठरा वेल. उरलेल्या सहांपैकी तीनांत फक्त लिपिड, तीन मात्रांत. शेवटच्या तीनांत काहीच नाही.

आता एका वेलची कृती, रिव्हर्स ट्रान्सफेक्शनची. म्हणजे आधी मिश्रण आणि त्यावर पेशी.

१० नॅनोमोलरसाठी अखेरच्या ६०० मायक्रोलिटरमध्ये ६ पिकोमोल लागतात, म्हणजे १ मायक्रोमोलर साठ्यातले ६ मायक्रोलिटर. २० मायक्रोमोलरच्या साठ्यातून थेट घ्यायचं तर ०.३ मायक्रोलिटर येतं आणि ते कोणाच्याही पिपेटने नेमकं घेता येत नाही. १ नॅनोमोलरसाठी साठा आणखी दहापट पातळ करा आणि तोच ६ मायक्रोलिटरचा आकडा ठेवा.

वेलमध्ये सीरम नसलेलं १०० मायक्रोलिटर ऑप्टी-मेम माध्यम घाला. त्यात एसआयआरएनए टाकून हलवा. मग १ मायक्रोलिटर लिपिड घालून प्लेट अलगद फिरवा. लिपिडची बाटली वापरण्यापूर्वी हळूच उलटीपालटी करून घ्या. मिश्रण १० ते २० मिनिटं तसंच राहू द्या. पुस्तिकेत ‘रूम टेंपरेचर’ लिहिलेलं असतं ते वीस-पंचवीस अंशांचं. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत पस्तीसच्या वर असतं. त्या दिवशी एसी आधीच लावून ठेवा, नाहीतर जानेवारीत बसवलेली घडी एप्रिलमध्ये विस्कटते.

नंतर प्रतिजैविक नसलेल्या, सीरम असलेल्या माध्यमातल्या ५०० मायक्रोलिटर पेशी घाला, वेलमागे २० ते ५० हजार. दुसऱ्या दिवशी तळ तीस ते पन्नास टक्के भरलेला दिसला पाहिजे. पेशी टाकल्यावर प्लेट गोल गरगरवू नका, सगळ्या मधोमध जमतात. आडवी-उभी हलवा आणि ३७ अंशांवर, ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवा. लिपिड घातल्यावर प्रतिजैविक पेशीत जास्त शिरतं आणि पेशी मरतात, म्हणून पहिला दिवस ते नकोच.

७२ तासांनी तुम्हाला अशी जोडणी हवी आहे जिथे पीएलके-१ च्या वेलमध्ये पेशी स्पष्ट मरताहेत आणि शेजारच्या नॉन-टार्गेटिंगच्या वेलमध्ये मजेत वाढताहेत. दोन्हीकडे मरत असतील तर लिपिड जास्त झालंय. दोन्हीकडे मजेत असतील तर एसआयआरएनए आत पोचत नाहीये. बरोबर बसणाऱ्या जोडण्यांतली सर्वांत कमी मात्रा निवडा आणि पुढचा सगळा प्रकल्प तिच्यावर करा. पेशीरेषा बदलली की ही प्लेट पुन्हा लावावी लागते. हेला या पेशीरेषेची घडी एमसीएफ-७ या पेशीरेषेला जशीच्या तशी लागू पडेलच असं नाही. तरंगत वाढणाऱ्या रक्तपेशींना लिपिड बऱ्याचदा चालतच नाही, त्यांना इलेक्ट्रोपोरेशन लागतं.

पायरी ६: मोजायचं कधी आणि कशाशी

एमआरएनए २४ ते ४८ तासांत मोजा. तुलना नॉन-टार्गेटिंग वेलशी करा, काहीच न दिलेल्या वेलशी नाही. लिपिड आणि परका आरएनए यांचा स्वतःचाही पेशीवर परिणाम होतो, तो दोन्ही बाजूंना सारखा असायला हवा.

समजा नॉन-टार्गेटिंगमध्ये तुमच्या जनुकाचा सीटी २४.० आला, एसआयआरएनएमध्ये २६.३, आणि संदर्भ जनुक (तुलनेसाठी घेतलेलं, न बदलणारं जनुक) दोन्हीकडे १८.० वर स्थिर आहे. फरक २.३. म्हणजे उरलेला एमआरएनए सुमारे २० टक्के आणि नॉकडाऊन ८० टक्के. एका सीटीचा फरक म्हणजे फक्त निम्मं, दोनचा म्हणजे ७५ टक्के आणि ९० टक्क्यांसाठी ३.३ लागतात. हा हिशोब प्रायमरची (क्यूपीसीआरमध्ये जनुक ओळखणाऱ्या छोट्या डीएनए तुकड्यांची) कार्यक्षमता शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तरच खरा, म्हणून आधी नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करून प्रमाणवक्र काढा. उतार उणे ३.३ च्या आसपास यायला हवा. जीएपीडीएच हे जनुक पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून दाबत असाल तर तेच संदर्भ म्हणून वापरता येत नाही. सांगायला साधी गोष्ट, पण घाईत हमखास निसटते.

प्रायमर काप बसणाऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना पडतील असे निवडा. कापलेल्या एमआरएनएचा ३-प्राइम तुकडा काही वेळा लगेच झिजत नाही. ऑलिगो-डीटीने, म्हणजे एमआरएनएच्या ३-प्राइम शेपटीपासून, सीडीएनए (एमआरएनएची डीएनए प्रत) बनवला आणि प्रायमर त्याच तुकड्यात असले तर तो मोजला जातो आणि उत्तम नॉकडाऊनही अर्धवट दिसतं.

एमआरएनए ८० टक्के गेला आणि वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत) पट्टा तसाच आहे, तर घाबरू नका. पी-५३ सारखं प्रथिन साध्या पेशीत काही मिनिटांत निम्मं होतं, तर काही प्रथिनं कित्येक दिवस टिकतात. ४८, ७२ आणि ९६ तासांचे नमुने घ्या. टिकाऊ प्रथिनासाठी ७२ तासांनी पेशी पातळ करून दुसरी मात्रा द्या. वाढणाऱ्या पेशींत प्रत्येक विभाजनाला एसआयआरएनए निम्मा होत जातो, त्यामुळे परिणाम साधारण पाच ते सात दिवसांत ओसरतो. प्रयोगाचं वेळापत्रक यावरून मागे मोजत आखा, म्हणजे महत्त्वाचं मोजमाप रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी येणार नाही.

पायरी ७: परिणाम खरोखर त्याच जनुकामुळे आहे का

जनुक दबलं, पेशींची वाढ थांबली, एवढ्यावर निष्कर्ष लिहू नका. त्याच जनुकावरच्या किमान दोन वेगळ्या अनुक्रमांनी तोच परिणाम दिसला पाहिजे. नॉकडाऊन जितकं जास्त तितका परिणाम जास्त, असा मेळही बसायला हवा. ज्या अनुक्रमाने नॉकडाऊन कमी होतंय पण पेशी जास्त मरताहेत, त्याचं बीज दुसरीकडे कुठे तरी काम करतंय.

आणखी नेमका कंट्रोल हवा असेल तर सी-९११ वापरा. तुमच्याच एसआयआरएनएची नववी, दहावी आणि अकरावी अक्षरं त्यांच्या पूरक अक्षरांनी बदललेली असतात. बीज तेच राहतं, पण काप बसणं थांबतं. सी-९११ नेही पेशी मरत असतील तर त्या मरण्याचा तुमच्या जनुकाशी संबंध नाही.

सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे जनुक परत देऊन बघणं. एसआयआरएनए एमआरएनएच्या ३-प्राइम यूटीआरवर (प्रथिनात न उतरणाऱ्या शेवटच्या भागावर) बेतायचा आणि प्लाझ्मिडमधून (गोल डीएनएमधून) फक्त प्रथिनाचा भाग असलेला सीडीएनए द्यायचा. बाहेरून दिलेल्या एमआरएनएला तो यूटीआर नसल्यामुळे एसआयआरएनए त्याला कापू शकत नाही. पेशी पुन्हा सावरल्या तर तुमचं म्हणणं कोणालाही सहज खोडता येणार नाही. प्रथिन फार जास्त बनू देऊ नका, नाहीतर त्याचाच वेगळा परिणाम दिसू लागतो.

पायरी ८: आठवडे-महिने दाबून ठेवायचं असेल तर

एसआयआरएनएचे पाच-सात दिवस पुरत नसतील तर एसएचआरएनए. यात केसाच्या पिनेसारखा दुमडलेला आरएनए पेशी स्वतःच बनवत राहते, बहुधा यू-६ प्रवर्तकाखाली (आरएनए बनवणं चालू करणाऱ्या डीएनए भागाखाली). अनुक्रमात सलग चार टी येऊ देऊ नका. हा आरएनए बनवणारं आरएनए पॉलिमरेज-३ तिथेच थांबतं आणि अर्धवट आरएनए बनतो. लेंटिव्हायरसने (जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूने) पेशीत घातल्यावर प्युरोमायसिन या प्रतिजैविकाने, जे न शिरलेल्या पेशी मारतं, निवड करायची, पण आपल्या पेशी किती मात्रेत मरतात ते आधी वेगळं तपासून.

लेंटिव्हायरसचं काम जैवसुरक्षा पातळी-२ च्या सोयीतच होतं आणि त्यासाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची नियमावली वाचून अर्ज भरा. रुग्णांकडून आलेल्या पेशी वापरणार असाल तर नीतिसमितीची मंजुरी त्याहून वेगळी. समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत. पीएलके-१ ची पहिली प्लेट इन्क्युबेटरमध्ये असतानाच हा अर्ज लिहायला घ्या. त्यात विषाणूयुक्त माध्यम कशाने निष्क्रिय करणार, ऑटोक्लेव्ह कोण चालवणार आणि वीज गेली तर जैवसुरक्षा कॅबिनेटमधलं काम कसं थांबवणार, हे तिन्ही स्पष्ट लिहा.